नाव घातलेली भांडी

विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील नामांकित संकल्पकांनी घडविलेली, जेवणाच्या मेजावर वाढपासाठी वापरली जाणारी भांडी जमविण्याचा छंद आज त्या देशांत चांगलाच रुजलेला आहे. फिनलंडच्या काय फ्रांक यांनी १९५३ साली अरेबिया कारखान्यासाठी योजिलेला ‘किल्टा’ हा साधा, एकरंगी, हवा तेवढाच विकत घेता येणारा संच, स्वीडनच्या स्टिग लिंडबर्ग यांनी गुस्ताव्सबर्गच्या चिनी मातीवर उमटविलेली हिरव्या पानांची नक्षी, किंवा डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेन यांनी १९६७ साली स्टेल्टनसाठी निर्मिलेली, नळकांड्याच्या शुद्ध आकारात बांधलेली स्टेनलेस स्टीलची पात्रे, यांच्या शोधात तिकडची माणसे जुन्या बाजारांतून हिंडत असतात. आणि अशी एखादी वस्तू हाती आली, की प्रथम ती उलटी करून बुडावर कारखान्याची मुद्रा व संकल्पकाचे नाव आहे की नाही याची खातरजमा करतात, कारण त्या नावावरच वस्तूचे मोल अवलंबून असते.

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावरून उतरविलेले त्याच काळातले पितळेचे ताट हाती घेतले, तर त्यावरही नाव सापडते. ते बुडावर क्वचित असते. बहुधा काठाच्या बाहेरच्या अंगास, तांब्या असल्यास गळ्याच्या खाली, बारीक छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते, आणि ते घडविणाऱ्याचे नसून ज्याच्या घरी ते भांडे नांदले त्याचे, त्याहूनही अधिक वेळा जिच्या लग्नात ते आले तिचे असते. पुढे गाव, कधी देणाऱ्याचे नाते, कधी शके किंवा संवत घालून वर्ष, आणि शेवटी ‘सप्रेम भेट’. ज्या संग्राहकाने धातू, वजन आणि घाट एवढेच पाहून भांडे घेतले आणि या ओळीकडे दुर्लक्ष केले, त्याच्या पदरात अर्धीच वस्तू पडली असे मी समजतो, आणि प्रस्तुत लेखाचा खटाटोप त्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी आहे.

खानदेशातील भांड्यांचा विचार करू लागले की सोनगीरचे नाव आधी घ्यावे लागते. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गालगत, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेला हा कसबा फारुकी सुलतान, मोगल, निजाम आणि पेशवे यांच्या अमलातून जाऊन, पेशव्यांनी तो विंचूरकरांकडे दिल्यानंतर, १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. परंतु राज्ये बदलली तरी गावातल्या तांबटांचा हातोडा थांबला नाही. १९०८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये सोनगीरच्या घोंगड्यांचा व जाड्याभरड्या सुती कापडाचा उल्लेख आहे, त्याचबरोबर तेथील तांब्यापितळेची भांडी दूरवर ख्यात असल्याची नोंद आहे. आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्या मालाला ही ख्याती वाहून नेणे सोपे गेले असणार.

तांबटाचे काम पाहिल्यावाचून भांड्याची पारख करता येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तांब्याचा पत्रा गोल कापून ऐरणीवर ठोकीत गेले की तो वाकतो, खोलगट होतो, पण ठोकता ठोकताच कठीणही होत जातो. आणखी घाव सोसण्याची ताकद त्याच्यात उरली नाही म्हणजे तो भट्टीत लाल करून निववावा लागतो, की तो पुन्हा मऊ पडतो. असे तापविणे आणि ठोकणे आलटून पालटून कित्येकदा झाल्यावर भांड्याला आकार येतो. तांब्यासारख्या पोट फुगलेल्या व गळा अरुंद असलेल्या भांड्याचे वरचे आणि खालचे अंग निरनिराळे करून पोटापाशी जोडतात, आणि हा सांधा धरून राहावा म्हणून काठाला दाते पाडून ते एकमेकांत बसवितात. अखेरीस गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने सबंध पृष्ठावर ओळीने हलके ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. उन्हात चकाकणारे ते सारख्या अंतरावरचे खवले शोभेसाठी असतात हे खरेच. पण त्या ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि पातळ पत्रादेखील पोचा न येता वर्षानुवर्षे टिकतो, हे त्यांचे मूळ प्रयोजन होय.

पितळेची पुष्कळशी भांडी ओतीव असत, आणि पुढे यंत्रावर पत्रा गरगर फिरवून साच्यावर दाबून केलेली भांडीही बाजारात आली. ठोकीव भांड्याच्या आतल्या बाजूस हातोड्याच्या खुणा अनियमित दिसतात, यंत्रावरच्या भांड्यात एककेंद्री वर्तुळांच्या सूक्ष्म रेषा दिसतात, आणि ओतीव भांडे हातात घेताच जडपणाने ओळखू येते. काशाची गोष्ट वेगळी. सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील यांचा हा मिश्रधातू ठिसूळ असतो, परंतु त्याचा नाद लांबतो. काशाची वाटी बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारली तर तो नाद ऐकू येतो, आणि वाटीला तडा गेलेला असेल तर तत्काळ खुंटतो.

आता वाढपाच्या भांड्यांकडे वळू. आपल्याकडे जेवणाचे मेज नव्हते, पंगत होती, आणि पंगतीच्या भांड्यांचा घाट पंगतीच्या रीतीनेच ठरविला. जेवणारा पाटावर बसलेला, वाढणारा उभा, वाकून पुढे पुढे सरकणारा. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात ओगराळे. या ओगराळ्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. खोल, उभट, सपाट बुडाची वाटी आणि तिच्या काठापासून सरळ वर गेलेली लांब दांडी, टोकाशी वळविलेली, म्हणजे ते बादलीच्या काठाला अडकवून ठेवता यावे. दांडी आडवी असती तर अरुंद तोंडाच्या बादलीत ते बुडविता आले नसते. उभी असल्यामुळे वरण तळापासून उचलले जाते, डाळ खाली आणि पाणी वर असा दुजाभाव पहिल्या आणि शेवटच्या पानात राहत नाही, आणि उभ्या माणसाला कंबर फारशी न वाकविता बसलेल्याच्या वाटीत ते नेमके रिते करता येते. तुपाची चोच असलेली लोटी, चटणी-कोशिंबिरीच्या जोडवाट्या, पाण्याची झारी, भात काढावयाची रुंद परात, पोळ्या झाकून आणावयाची वेळणी, यांतील प्रत्येकीचा आकार असाच कोणा एका हालचालीशी जुळलेला आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींना आमरस आणि खापरावरची पुरणपोळी वाढताना, किंवा श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सारे भाऊबंद एका घरी जमल्यावर, एरवी माळ्यावर पालथी पडलेली ही मोठी भांडी खाली उतरत, आणि काही घरांत आजही उतरतात.

अशा वस्तूंची थोरवी परदेशी पाहुण्यांनी आपल्याला सांगितली हे येथे नमूद केले पाहिजे. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन संकल्पक दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले, देशभर हिंडले, आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. या अहवालाची परिणती पुढे १९६१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या स्थापनेत झाली. भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंपैकी ज्या एका वस्तूचे वर्णन करताना ते थांबले, ती होती लोटा. एकाच माणसाने लोटा संकल्पिला नाही, पिढ्यांनी संकल्पिला, असे सांगून त्यांनी त्याच्या गुणांची मोजदाद केली : पाणी किती मावते, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, कमरेवर आणि डोक्यावर कसा बसतो, धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो काय, स्पर्श कसा, नाद कसा. आणि याच मोजदादीत आणखी एक बाब होती. भांडे निकामी झाल्यावर त्याच्या धातूचे काय मोल येईल, म्हणजे आपण ज्याला मोड म्हणतो त्याचा भाव काय.

एखाद्या वस्तूच्या रचनेचा विचार करताना तिच्या अंतकाळच्या किमतीचाही विचार त्यांनी केला, यात त्यांची दृष्टी किती खोल गेली होती हे दिसते. तांब्यापितळेची भांडी ही खानदेशातल्या कुणब्याच्या, कारागिराच्या, लहान व्यापाऱ्याच्या घरची ठेव होती. पाऊस चुकला, कापूस बुडाला, दुखणे आले, तर हंडा गहाण पडे किंवा वजनावर मोडीत जाई, आणि बरे दिवस आले की पुन्हा नवा हंडा येई. त्यामुळे जुने भांडे जुने म्हणून टिकण्याचे कारणच नव्हते. १९५० च्या वा १९६० च्या सालचे एखादे ताट आज अखंड हाती येते, तेव्हा मधल्या साऱ्या आपत्तींत कोणीतरी ते मोडीला न देता राखले, एवढी एक गोष्ट त्याच्याविषयी निश्चित सांगता येते.

यानंतर स्टेनलेस स्टील आले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्या १९१३ सालच्या शोधानंतर अर्ध्या शतकाने, शेकडा अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असलेला हा न गंजणारा पत्रा आपल्या स्वयंपाकघरांत शिरला. सेलमचा सरकारी कारखाना १९८१ साली सुरू होईपर्यंत हा पत्रा बऱ्याच अंशी परदेशातून येई, म्हणून आरंभी स्टीलचे भांडे प्रतिष्ठेचे मानले जाई आणि रुखवतात ते दर्शनी भागी मांडले जाई. गृहिणींनी ते स्वीकारले याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पितळेत ताक-चिंचेचे पदार्थ कळकतात, म्हणून आतून कल्हई लावावी लागते. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाची कांडी फिरवून, कापसाच्या बोळ्याने तो पांढरा थर सर्वत्र पसरवी, पण तो थर काही महिन्यांत झिजे आणि पुन्हा सगळी भांडी बाहेर काढावी लागत. त्याखेरीज रोजची चिंच, रोजची राख, आणि ओझे. स्टीलने ही सारी तसदी एका फटक्यात दूर केली. मोडीचा भाव देऊन नवे स्टील देणारे व्यापारी दारोदार आले, आणि एक-दोन पिढ्यांत खानदेशातील घराघरांतले पितळ भट्टीत गेले. त्याबरोबर त्यावरची नावेही वितळली.

ही नावे कोणाची होती याचा विचार करावा. त्या काळातील सातबारा, फेरफार, घरपट्टीची पावती, सावकाराचे खतपत्र, कोणताही दस्तऐवज उघडला तर पुरुषांची नावे ओळीने सापडतात. स्त्रीचे नाव आले तर बहुधा वैधव्यानंतर, वारस म्हणून. भांडी मात्र तिच्या नावाची असत. लग्नात मामाने दिलेले ताट, डोहाळजेवणाला जावेने दिलेली वाटी, नणंदेने दिलेले फुलपात्र, यांवर तिचे सासरचे नवे नाव प्रथमच कोरले जाई, आणि पुढे ते ताट लेकीला दिले तर जुन्या नावाखाली लेकीचे नाव येई. एखाद्या परातीवर सासू, सून आणि नात अशी तीन नावे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आढळतात, तेव्हा त्या घराची स्त्रियांच्या अंगाने लिहिलेली वंशावळच हाती येते. अशी वंशावळ दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळावयाची नाही.

धुळ्यात बसून हे लिहिताना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. माळ्यावरच्या पेट्यांतून, वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या तावडीतून जुने कागद सोडविण्यासाठी त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट केली. १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच त्यांचा देहान्त झाला, आणि लगेच १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. कागदाला जे रद्दीचे भय, ते भांड्याला मोडीचे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी साधारण १९२० पासून घरगुती वस्तू जमवावयास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, लामणदिवे, वाढपाची भांडी अशा हजारो वस्तूंचे ते संग्रहालय आज त्यांच्या अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ओळखले जाते. कवी म्हणून ‘अज्ञातवासी’ हे नाव घेतलेल्या या गृहस्थाने अज्ञात कारागिरांच्या कामासाठी जन्म वेचला. अहमदाबादेस सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली ‘विशाला’च्या आवारात केवळ भांड्यांचे म्हणून एक संग्रहालय उभारले, तेही प्रत्येक संग्राहकाने एकदा पाहावे असे आहे.

खानदेशापुरते बोलावयाचे तर चाळीसगावचे केकी मूस आहेत. १९१२ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी कलावंताने चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यात, जवळजवळ घराबाहेर न पडता, १९८९ पर्यंतचे आयुष्य काढले. पंजाब मेलने येणार असलेल्या एका व्यक्तीची ते वाट पाहत होते, असे गावात सांगतात. छायाचित्रणातील ‘टेबलटॉप’ हा प्रकार त्यांनी फार उंचीवर नेला. मेजावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश योजून, त्यांतून ते डोंगर, वाटा, हिमवर्षाव निर्माण करीत. त्यांच्या घरात जुन्या वस्तूंचाही मोठा संग्रह होता आणि तो आज त्यांच्या स्मारक कलादालनात जपलेला आहे. भांडे प्रकाशात कसे ठेवावे, त्याची कड कोठे उजळावी आणि पोट कोठे सावलीत जावे, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने मूस यांची छायाचित्रे पाहावीत. कारण संग्रहाचे निम्मे काम छायाचित्रणाचे असते, आणि कोरीव अक्षरे तर तिरप्या उजेडावाचून टिपताच येत नाहीत.

ज्यांना या छंदाकडे वळावेसे वाटते त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. भांडे हाती येताच घासू नये. प्रथम नाव वाचावे, ते जसेच्या तसे, अशुद्ध असेल तर अशुद्ध, नोंदवहीत उतरून घ्यावे. शके असल्यास त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, विक्रम संवत असल्यास त्यातून सत्तावन्न वजा करावेत, की इसवी सन हाती येतो. काही महिन्यांच्या मर्यादेत एका वर्षाचा फरक पडतो, तेवढा ध्यानात ठेवावा. गावाखाली ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असे असेल तर ती खूण मोलाची आहे : १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे हे दोन भाग झाले आणि १९६० च्या सुमारास त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, तेव्हा ते अक्षर त्या दरम्यानचे असण्याचा संभव फार. विकणाऱ्याकडून भांडे कोणत्या घरचे, कोणत्या कामाला वापरीत, हे विचारून घ्यावे आणि नोंदीत लिहावे. जिवंत कुटुंबांची नावे मात्र चारचौघांत मांडण्याआधी त्यांची अनुमती घ्यावी.

घासावयाचेच झाले तर चिंच किंवा लिंबू-मीठ पुरे, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, नाहीतर मिठाचा अंश राहून हिरवा कळंक चढतो. यंत्रावरच्या घासणीला भांडे देऊ नये. ती घासणी काही क्षणांत आरशासारखी चकाकी आणते आणि तेवढ्यातच ठिपक्यांची अक्षरे व मठाराचे खवले कायमचे झिजवून टाकते. नाव गेलेले असे चकचकीत भांडे बाजारात अधिक भावाने विकले जाते, ही मला मनापासून दुःख देणारी गोष्ट आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, मग ते कितीही देखणे असो. कायद्याची बाजू सोपी आहे : १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षांची झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, तेव्हा शतकाच्या मध्यातील भांडी तूर्त त्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्याहून जुने काही हाती लागले तर मात्र नियम पाहून घ्यावेत.

काय फ्रांक यांचा उल्लेख आरंभी आला. नावावर वस्तू विकल्या जाण्याच्या त्या काळात, त्यांनी स्वतःच असा आग्रह धरला होता की रोजच्या वापराच्या वस्तूंना संकल्पकाचे नाव चिकटवू नये, वस्तूने आपल्या गुणांवर उभे राहावे. त्यांचे हे म्हणणे त्यांच्या देशात फारसे मानले गेले नाही. सोनगीरच्या तांबटांनी ते न सांगता पाळले, आणि आपले नाव न घालता दुसऱ्यांची नावे घालण्यासाठी जागा ठेवली. परंतु या विनयाचा तोटा असा झाला, की कोणते भांडे कोणत्या हातचे हे आता सांगता येत नाही, आणि एकाही जुन्या तांबटाच्या कामाची स्वतंत्र फेरिस्त तयार होऊ शकलेली नाही. म्हणून जे कारागीर आज हयात आहेत त्यांच्याकडे संग्राहकांनी जावे, जुनी ओगराळी व लोट्या त्यांना दाखवाव्यात, कोणता सांधा कसा दिला हे त्यांच्याकडून समजून घ्यावे, आणि शक्य असेल तर तसेच एखादे नवे भांडे त्यांच्याकडून करवून घेऊन, एका बाजूस आपल्या लेकीचे किंवा सुनेचे आणि दुसऱ्या बाजूस, त्यांची संमती असल्यास, त्यांचे स्वतःचे नाव, गाव आणि साल कोरावयास सांगावे.